पंखा, घाट आणि नानांची चिंधी

नाना पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टेबल फॅनकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या खिशातून वीतभर बांबूची काडी काढली. काडीच्या टोकाला जुन्या धोतराची बोटभर रुंद चिंधी बांधलेली होती. ती त्यांनी फॅनसमोर धरली, माझ्या कागदांवर धरली, खिडकीशी धरली. चिंधी कुठे फडफडते, कुठे लोंबते ते नीट पाहिलं आणि माझं टेबल हातभर भिंतीकडे ढकललं.

"अहो, हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"सात दगड," नाना म्हणाले. कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेले तापीतले गोटे त्यांनी मोजले होते. "आते एक बी नको."

ते गेल्यावर मी टेबल परत जागेवर आणलं. मिस्त्रीने गाड्या बघाव्यात, माझं टेबल नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली आणि मी हट्टाने गोट्यांशिवाय ठेवलेल्या याद्या खोलीभर झाल्या. तिसऱ्या दिवशी टेबल मीच सरकवलं. ट्रान्सपोर्ट सोडेपर्यंत ते तिथेच राहिलं आणि गोटे माझ्या पिंप्राळ्याच्या घरी तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांत गेले.

हे नव्वद सालच्या आसपासचं. मी जळगावच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये होते. शेठच्या सहा गाड्या. फैजपूरच्या बाजूला केळी भरायची आणि इंदूरला पोचवायची. चोपड्याकडचा रस्ता तेव्हा भरलेल्या गाडीला नको वाटे, म्हणून आमच्या गाड्या धुळ्यावरून आग्रा रोड धरत, शिरपूर मागे टाकत आणि बिजासन घाट चढून मध्य प्रदेशात उतरत. गाडी वेळेवर सोडायची, वेळेवर पोचवायची आणि या दोहोंच्या मध्ये काय काय बिघडू शकतं त्याची यादी ठेवायची, हे माझं काम. यादीची सवय वडिलांची. ते वरणगावला फॅक्टरीत होते. तिथे खूण केल्याशिवाय काम झालं असं धरत नसत, आणि घरातही तोच कायदा. बुद्धजयंतीच्या खिरीचं सामान आणलं तरी वडील तांदळापुढे, गुळापुढे, वेलदोड्यापुढे खूण करत आणि मगच पिशवी आईच्या हातात देत.

नानांची शेड धुळ्यात, पांझरेच्या पुलापलीकडे, आग्रा रोडला लागून. घाटाआधी प्रत्येक गाडी तिथे थांबून तपासून घ्यायची, असा आमचा नियम होता. नानांचं खरं नाव मला कधी कळलं नाही. त्या रस्त्यावर नाना पुष्कळ होते, पण "चिंधीवाले नाना" म्हटलं की शाळेतली पोरंही बोट दाखवत.

रस्त्याकडेच्या बाकी सगळ्या शेड रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. नानांची तिरकी होती. बांधताना गवंड्याने दोरी लावली, नानांनी ती उपटली आणि चार दिवस चिंधी घेऊन त्या जागेवर उभे राहिले. मग स्वतः दोरी लावली. मागच्या भिंतीला वर, छताखाली, दोन परातींएवढं भोक ठेवलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची शेड दारू प्यायल्यासारखी उभी आहे. पण चैत्र-वैशाखात दुपारी आजूबाजूचे टायरवाले, बॅटरीवाले, पानवाला असे सगळे आपापली सरळ दुकानं सोडून नानांच्या तिरक्या शेडमध्ये येऊन बसत. तिथे छताला पंखा नव्हता, तरी अंगावरचा घाम सुकत असे.

चिंधीचं मूळ मला त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील खळ्यात ज्वारी उपणायचे. तिवईवर उभं राहण्याआधी ते डोक्यावरच्या फडक्याचं टोक हवेत धरून बघत. वारा चुकीच्या बाजूने असला तर भुसा परत दाण्यात येऊन पडतो आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. "वारा चालना, इतलं देखीसन भागस नही," नाना म्हणाले. "जाईसन परत येस का, ते देखानं." वारा वाहतो एवढंच बघून चालत नाही, गेलेला वारा फिरून परत येतो का ते बघायचं. मी मान हलवली आणि दुसऱ्या विषयावर गेले. मला गाडी सोडायची घाई होती.

त्यांचा दुसरा नियम ड्रायव्हरांना फार जाचक वाटे. शेडमध्ये येऊन आजाराचं नाव घ्यायचं नाही. आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर सुपडूभाऊ. तो एकदा उतरता उतरता म्हणाला, "नाना, पाण्याचा पंप गेला."

नानांनी त्याच्याकडे पाठ केली. "डाक्टर व्हयना का तू? मंग तूच कर."

"नाना, घाई शे हो."

"रोग नको सांगू. हाल सांग."

मग सुपडूभाऊला सांगावं लागलं की गाडी कुठे गरम झाली, चढावर की सपाटीवर, लोड किती होता, पाणी कितीदा टाकलं, ऊन पाठीवर होतं की तोंडावर. ते सगळं ऐकून झाल्यावर नाना उठले. पंप शाबूत होता. पट्टा सैल होता.

स्वतः मात्र नाना आपल्याला काय वाटतं ते कोणालाही आधी सांगत नसत. दाखवत, आणि समोरच्याला दिसलं नाही तर गप्प बसत. त्यांच्या शेजारच्या टायरवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडव पडला, आचाऱ्यांनी भट्टी लावली आणि नाना चिंधी घेऊन भट्टीजवळ जाऊन उभे राहिले. चिंधी पंगतीच्या दिशेने ताठ. वऱ्हाडी हसले. कोणीतरी म्हणालं, नाना, नवरदेवालाही दाखवा जरा. पंगत बसली आणि भट्टीचा सगळा धूर पंगतीवर आला. डोळे पुसत टायरवाला म्हणाला, "नाना, सांगायचं ना आधी."

"मी देखाडं," नाना म्हणाले. "तुम्ही हसनात." आणि त्याच धुरात बसून त्यांनी पोटभर वरण-बट्टी खाल्ली.

मला त्यांचा हा स्वभाव आवडत नसे, हे इथे स्पष्ट लिहिते. ज्याला माहीत आहे त्याने सांगावं, ज्याला माहीत नाही त्याने लिहून घ्यावं, म्हणजे काम लवकर होतं, असं माझं मत होतं. पुष्कळसं अजूनही आहे.

आता नऊ नंबरबद्दल. मी एक "घाटापूर्वीची यादी" केली होती. चौदा कलमं, सायक्लोस्टाइल करून प्रत्येक केबिनमध्ये चिकटवलेली, आणि एक प्रत नानांच्या शेडमध्ये. त्या यादीतलं नववं कलम मी पावसाळ्यात वाढवलं. ट्रकच्या इंजिनापुढे पाण्याची जाळी असते, तिच्यामागे पंखा. हा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. त्या पंख्याभोवती पत्र्याचं एक गोल कडं बसवलेलं असतं. पावसात पट्टे निसटत आणि तुटत, आणि रस्त्यात पट्टा बदलायचा तर आधी ते कडं सोडवावं लागे. ड्रायव्हर कुरकुर करत. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. कडं असताना पट्टा बदलायला तासभर, कडं नसताना वीस मिनिटं. चाळीस मिनिटं वाचत होती. मी कलम लिहिलं: "पंख्याभोवतीचा पत्रा काढणे."

नानांनी ते वाचून घेतलं. त्यांना आकडे येत, अक्षरं फारशी येत नसत, म्हणून मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पक्कं का, ताई?"

"पक्कं."

"लिही दे मंग."

"लिहिलंच आहे की, नऊ नंबर." यादीची त्यांची प्रत मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती भिंतीला लावली आणि सहाही गाड्यांची कडी काढली. मला वाटलं, चला, एक म्हातारा तरी नियमाने वागतो.

पाऊस गेला, हिवाळा गेला. पट्टे भराभर बदलले जात होते आणि मी खूश होते. चैत्र लागला आणि आमच्या गाड्या बिजासन घाटात उकळू लागल्या. आधी एक, मग दुसरी, मग एकाच आठवड्यात तीन. ड्रायव्हर चाकामागे दगड लावून, कापडी छागलीतलं पाणी ओतून, तास-दोन तास इंजिन निवायची वाट बघत. इंजिन निवे, पण वरची केळी उन्हात भाजत. इंदूरला पोचेपर्यंत वरच्या थरातले घड काळे पडलेले. इंदूरच्या व्यापाऱ्याने फोनवर सांगितलं की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बघतो, त्यानंतर एक गाडी जरी घाटात अडकली तर माल दुसऱ्याच्या गाडीत जाईल. आमच्या सहापैकी तीन गाड्या त्या एका व्यापाऱ्यावर चालत होत्या. त्या उभ्या राहिल्या तर तीन ड्रायव्हर घरी बसणार होते, आणि ते कोणते, त्याची यादी मलाच करावी लागणार होती.

शेठकडे उपाय तयार होता. त्यांनी तेव्हा नवीन छोटी मोटार घेतली होती. तिचा पंखा विजेवर चालायचा. इंजिन तापलं की आपोआप सुरू, निवलं की आपोआप बंद. शेठ गाडी दारात उभी करून, किल्ली काढून, पंख्याचा आवाज लोकांना ऐकवत.

"बाई, ऐका. गाडी बंद, तरी पंखा चालू," ते मला म्हणाले. "आणि आपल्या ट्रकचा पंखा बघा, बाबा आदमच्या जमान्यातला. सहाही गाड्यांना हा लावून टाका."

त्यांनीच बोलावलेला इंदूरचा एक विक्रेता दुसऱ्या दिवशी हजर झाला. मोठा गोल पंखा, पाठीमागे मोटर. "बहनजी, बेल्ट का झंझट ही खतम," तो म्हणाला. आणि त्याचं बोलणं खोटं नव्हतं. पट्ट्यावरचा पंखा गरज असो-नसो फिरतो, इंजिनची ताकद खातो, थंडीत इंजिन तापूच देत नाही. विजेचा पंखा लागेल तेव्हाच चालतो. मी कागदावर दोन रकाने आखले. विजेच्या पंख्याच्या रकान्यात सात खुणा पडल्या, पट्ट्याच्या पंख्याच्या रकान्यात तीन. माझ्यापुरता निकाल लागला होता.

तो कागद घेऊन मी धुळ्याला गेले. नानांनी रकाने ऐकून घेतले.

"एक गाडीले लावस," ते म्हणाले. "सहाले नही."

"नाना, शेठने सांगितलंय. तुम्ही नाही म्हणालात तर ते शिरपूरच्या मिस्त्रीकडे जातील. आपलं सगळं काम जाईल तुमच्याकडून."

"जाऊ दे." मग चहा बशीत ओतून, निवू देत, ते म्हणाले, "ताई, घाटमा गाडी कितली पळस?"

"पळते कुठे, चालते. माणसाच्या चालीने."

"आनि इंजिन?"

"इंजिन पूर्ण जोरात असतं. पहिला गिअर."

"मंग पंखानं कोनासंगे पळाले पाहिजे? गाडीसंगे का इंजिनसंगे?"

मी माझ्या कागदाकडे पाहिलं. हा प्रश्न माझ्या रकान्यांत नव्हता. सपाट रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला समोरूनच वारा मिळतो, तिला पंखा लहान असला तरी चालतो. घाटात भरलेल्या गाडीला समोरून वारा नाही, आणि इंजिन मात्र सगळ्यात जास्त तापलेलं. पट्ट्यावरचा पंखा इंजिनसोबत जोर धरतो. विजेचा पंखा आपल्याच चालीने फिरत राहतो. हे मला समजलं. पण आमच्या गाड्यांना पट्ट्याचाच पंखा होता आणि त्या तरीही उकळत होत्या. मी तेच म्हटलं.

"हां," नाना म्हणाले. "तेच देखानं."

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना सरळ."

त्यांनी चहा पिऊन बशी पालथी ठेवली. बोलणं संपलं होतं.

मी ठरवलं की आता कोणाचं ऐकायचं नाही, घाटात जाऊन डोळ्यांनी बघायचं. दोन गाड्या, सारखा लोड, एकाच वेळी, भर दुपारी. एकीला विजेचा पंखा, दुसरीला पट्ट्याचा. शेठ म्हणाले, "बाई, तुम्ही जाणार? या उन्हात, ट्रकमध्ये?"

"केळी जातात, मी का नाही?"

आखाजीच्या चार दिवस आधी आम्ही निघालो. विजेच्या पंख्याची गाडी पुढे, त्यात विक्रेता. मागे सुपडूभाऊची गाडी, त्यात मी आणि नाना. सुपडूभाऊची लेक आखाजीला माहेरी आली होती आणि त्याला काही करून परत पोचायचं होतं. शिरपूरपर्यंत तो लिंबाला बांधलेल्या झोक्याच्या, पुरणाच्या मांड्यांच्या गोष्टी सांगत होता. नाना खिडकीबाहेर चिंधी धरून बसले होते. पळासनेरला चहा झाला. साडेबाराला घाट लागला आणि सुपडूभाऊ बोलायचा थांबला.

दुसऱ्या वळणावर पुढची गाडी उभी दिसली. बॉनेटमधून वाफ येत होती. विक्रेता रस्त्यावर उभा राहून रुमालाने वारा घेत होता. "पंखा तो बराबर चल रहा है," तो म्हणाला. खरंच पंखा छान गुणगुणत होता, आणि त्याच्या पुढ्यात पाणी उकळत होतं. यापेक्षा मोठा पंखा लावावा तर गाडीचा डायनॅमो त्याला वीज पुरवू शकला नसता, हे त्यानेच प्रामाणिकपणे कबूल केलं.

आम्ही पुढे निघालो. सुपडूभाऊच्या मिशीत हसू आलं. मी पट्ट्याच्या पंख्याच्या रकान्यात चौथी खूण करायला पेन उघडलं. चौथ्या वळणाला आमचा तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. सुपडूभाऊने गाडी कडेला घेतली, दगड लावले आणि चाकाला टेकून बसला.

माझ्या कागदावर दोनच रकाने होते आणि दोन्ही नापास झाले होते. वर ताडपत्रीखाली केळी तापत होती. आखाजीला चार दिवस होते. आता शेठला काय सांगायचं आणि तीन नावं कोणती लिहायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"इंजिन बंद नको करू," नाना सुपडूभाऊला म्हणाले. ते गाडीसमोर उकिडवे बसले. जाळीवर लोंबणारे गोंडे, प्लास्टिकचा हार त्यांनी बाजूला सारला. खिशातून चिंधी काढली आणि जाळीच्या मधोमध धरली. चिंधी जाळीला चिकटली.

"मझार जास," ते म्हणाले. वारा आत जातोय. मग ती काडी त्यांनी माझ्या हातात दिली. "कोपरावर धर."

मी काडी जाळीच्या कोपऱ्याला नेली. चिंधी उलटी फिरली आणि माझ्या मनगटावर आपटली. मनगटाला गरम वाफारा लागला. दुसरा कोपरा, तेच. खालचा कोपरा, तेच. मध्ये वारा आत जात होता आणि कडेने तापून परत समोर येत होता. तोच तापलेला वारा पंखा पुन्हा ओढत होता. दाण्यात भुसा परत यावा तसा.

मी बाजूला गेले आणि बॉनेटखाली वाकून पाहिलं. पंख्याच्या पात्यांच्या टोकांपासून जाळीपर्यंत चहूबाजूंनी हातभर मोकळी जागा होती. तिथे काहीतरी असायला हवं होतं. पावसाळ्यापर्यंत होतंही. ज्याने पंख्याचा वारा जाळीतूनच यावा, बाजूने पळू नये, असं एक पत्र्याचं गोल कडं.

सुपडूभाऊ दरीकडे बघत होता. नाना माझ्याकडेही बघत नव्हते.

"नऊ नंबर," मी म्हटलं.

मी नानांकडे वळले.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"वाटे."

"मग पावसाळ्यातच का नाही सांगितलं? आज वर केळी भाजतायत, तीन माणसांची कामं जाणार आहेत, आणि तुम्ही मला चिंधी दाखवताय?"

"मी सांगतू, ते तू यादी देखाडती," नाना म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत. हिवाळाभर मी पट्ट्याच्या वाचलेल्या मिनिटांचा कागद सगळ्यांना दाखवत होते, हे मला आठवलं. खरोखरच मी यादी दाखवली असती. पण माझा राग गेला नाही आणि मी तो लपवलाही नाही.

"आता कडं कुठून आणू? फेकलं असेल तुम्ही."

"तू काढाले सांगेल व्हतं. फेकाले नही सांगेल व्हतं." नाना उठले, केबिनमध्ये चढले आणि सीटमागून गोणपाटात गुंडाळलेलं कडं बाहेर ओढलं. पत्र्यावर खडूने सुपडूभाऊच्या गाडीचा नंबर लिहिलेला होता. निघताना त्यांनीच ते तिथे ठेवलं होतं; एरवी सहाही कडी त्यांच्या शेडच्या मागच्या भिंतीवर सहा खिळ्यांना टांगलेली असत. मी पावसाळ्यापासून त्या भिंतीसमोर बसून चहा पीत होते.

"मग धुळ्यालाच का नाही बसवलं, निघायच्या आधी?"

"गाडी तुमनी. तुमनं सांगाले पाहिजे."

मी सांगितलं. "बसवा, नाना."

इंजिन निवायला अर्धा तास गेला. मग नाना आणि सुपडूभाऊ कामाला लागले. मी घड्याळ लावलं, सवयीने. कडं बसवायला बरोबर चाळीस मिनिटं लागली. जेवढी मी वाचवली होती, तेवढीच.

मग सुपडूभाऊने पहिला गिअर टाकला. मी काट्यावरून नजर काढली नाही. काटा लाल पट्टीच्या अलीकडे आला आणि तिथेच थांबला. पाचवं वळण, सहावं, देवीचं देऊळ, घाटमाथा. सुपडूभाऊ माथ्यावर थांबून नारळ फोडायचा, तो त्या दिवशी न थांबता म्हणाला, "आई, येताना फोडसू."

विजेच्या पंख्याची गाडी दर दोन वळणांना थांबत, निवत, संध्याकाळी घाट चढली. तिची केळी मंडीतल्या लिलावाआधी पोचली, पण जेमतेम. इंदूरच्या व्यापाऱ्याने माल बघून काही म्हटलं नाही. तो माणूस काही म्हणत नसे तेव्हा समजायचं की काम आपल्याकडे राहिलं. राहिलं. सुपडूभाऊ आखाजीला घरी पोचला आणि मला मांडे पाठवले.

शेठला मी दोन्ही बाजू सांगितल्या आणि नऊ नंबर कोणाचा होता तेही सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझा पंखा वाया गेला." गेला नाही. सहा गाड्यांखेरीज आमचा एक टेम्पो जळगावातल्या जळगावात फिरायचा, हलका माल, दर गल्लीत थांबा, हिवाळ्यात सकाळी तापायलाच अर्धा तास. नानांनी तो पंखा त्या टेम्पोला स्वतःच्या हाताने बसवला. तो आपोआप सुरू झाला तेव्हा त्यांनी चिंधी धरली, पंखा आपोआप बंद झाला तेव्हा पुन्हा धरली, आणि पोरासारखे हसले. "पंखा खोटा नही," ते म्हणाले. "जागा खोटी व्हती."

सहाही कडी परत बसल्यावर मी नानांच्या शेडमध्ये गेले. मागच्या भिंतीवर सहा खिळे मोकळे होते. दर्शनी भिंतीवर माझी यादी होती. मी म्हटलं, "ती फाडून टाका, नाना. मी नवीन आणलीय."

"काढस," ते म्हणाले. "फेकस नही." त्यांनी यादी अलगद काढली आणि माझ्यासमोर धरली. "तो पत्राना कलम कोनता?"

मी नवव्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं, यादी मागच्या भिंतीकडे नेली आणि तिथल्या एका मोकळ्या खिळ्यावर दाबून लावली. खिळा नवव्या ओळीतून आरपार गेला.

मला ते लागलं. पुढे दोन महिने मी धुळ्याला गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसे. मग तशी बसेनाशी झाले. नवीन कलम लिहायचं ठरलं की आधी त्या शेडमध्ये जाऊन बसायचं आणि नानांना विचारायचं, अशी सवय लागली. ते कधी उत्तर देत नसत. चिंधी देत.

रस्ता रुंद झाला तेव्हा ती तिरकी शेड गेली. नाना तोवर थकले होते, फैजपूरला मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी सुपडूभाऊबरोबर माझ्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं पाठवलं. चिंधी असेल असं मला वाटलं होतं. चिंधी त्यांनी दिली नाही, ती त्यांना लागणार होती. आत यादी होती, तेलाच्या बोटांनी कळकट झालेली. तेरा कलमांपुढे माझ्या खुणा. नऊ नंबरपुढे खूण नाही, एक गंजाच्या कडेचं भोक.

मी आता दुसरीकडे काम करते. यादी माझ्या टेबलासमोर आहे. तिला काच लावायला सांगितलं होतं, मग नको म्हटलं. भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्याच भोकातून टांगली.